प्रेमकादंबरी पहिल्यांदाच वाचली, आता पुढे काय वाचू?

इन्व्हेंटरीवाला, फोंडा:
माझं वाचन इतिहास, अर्थकारण आणि चरित्रं एवढंच. दोघं भेटणार, रुसणार, शेवटी लग्न. त्याला चारशे पानं कशाला, असं पन्नाशीपर्यंत वाटत आलं. भाची म्हणाली, "मामा, एक तरी वाच, मग बोल." पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतून १८१३ची 'प्राइड अँड प्रिज्युडिस' आणली.

मी वकिलाकडे कारकून. वाटण्यांच्या इन्व्हेंटरी, जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे, हक्कसोडपत्रं यांत २२ वर्षं गेली. त्यामुळे आधी लक्ष गेलं नायिकेच्या बापाच्या इस्टेटीकडे. वर्षाला २,००० पौंडांचं उत्पन्न, पाच मुली, आणि मुलगा नाही म्हणून सगळं जाणार नात्यातल्या एका पुरुषाकडे! आपल्याकडे गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासूनच मुलीला मुलाइतका वाटा. त्या पाचजणींना बापाच्या माघारी राहतं घरही नाही.

मग तोच नातेवाईक त्यांतल्या एलिझाबेथला, म्हणजे नायिकेला, मागणी घालतो. ती नाही म्हणते. तो म्हणतो, बायका पहिल्यांदा नाहीच म्हणतात. ती पुन्हा स्पष्ट सांगते, तरी त्याला पटत नाही. तिथे मी पुस्तक मिटलं. अलीकडेच आमच्याकडे एक बाई भावाबरोबर आल्या होत्या. "मला सही करायची नाही," त्या म्हणाल्या. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "तसंच म्हणते ती, करील." हक्कसोडपत्र मीच टाइप केलं होतं.

बाईचा नकार कसा कानाआड होतो, हे इतकं नेमकं मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. मराठीत असं काय आहे? आणि शेवट ठाऊक असताना तुम्ही एकामागून एक प्रेमकथा कशा वाचता?

म्हार्दोळची वाचक:
दादा, तुम्ही फोंड्याचे, म्हणजे जत्रेत 'सौभद्र' पाहिलंच असणार. १८८२चं नाटक. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे मांडवातल्या पोरालाही ठाऊक, तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. आमची आजी चटई घेऊन पुढे बसायची, कृष्ण बलरामाला कसा खेळवतो ते बघायला. शेवटाची काळजी नसली की माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकू येतं.

नायक डार्सी एलिझाबेथला दोनदा मागणी घालतो, त्या दोन्ही मागण्या शेजारी ठेवून वाचा. पहिलीत तो तिच्या घराण्याचा कमीपणा ऐकवतो. दुसरीत म्हणतो, तुझं मन तेच असेल तर एका शब्दाने सांग, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. माझ्या मते सगळी कादंबरी या दोन मागण्यांच्या मधे आहे.

डिचोलीकर:
कोर्टाच्या कामातले आहात, म्हणून चंद्रकांत काकोडकर सुचवतो. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ला सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. तो निकाल आधी वाचा, मग त्यांच्या कादंबऱ्या. ना. सी. फडक्यांचे नायक मला फार सजवलेले वाटतात, पण वाक्य कसं वाहतं ते त्यांच्याकडूनच शिकावं. तुम्हाला हवं ते मात्र गौरी देशपांड्यांकडे मिळेल. 'एकेक पान गळावया' घ्या. प्रेमात असूनही तिथली बाई आपलं काय ते आपणच ठरवते.

इन्व्हेंटरीवाला, फोंडा:
दुसरी मागणी काल रात्री परत वाचली. ताई, तुमचं खरं आहे. देशपांड्यांसाठी शनिवारी पणजीला जातो. त्या बाई आज पुन्हा आल्या होत्या, या वेळी एकट्या. त्यांनी सही केलेली नाही.