बिस्मथ व्हॅनडेटवर कोबाल्ट चढवल्यावर करंट उलट घटला, उत्प्रेरक बदलू का?

पिवळी_काच:
प्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन काढायचाय. त्यासाठी एफटीओ (वीजवाहक थराच्या) काचेवर बिस्मथ व्हॅनडेट या पिवळ्या अर्धवाहकाचा फोटोॲनोड (प्रकाश पडल्यावर पाण्यातून ऑक्सिजन काढणारा इलेक्ट्रोड) केलाय. त्यावर कोबाल्ट फॉस्फेट हा उत्प्रेरक इलेक्ट्रोडिपॉझिट केला (विजेने थर चढवला). करंट आता कमी व्होल्टेजलाच सुरू होतो, हे छान. पण 1.23 व्होल्टला (आरएचई, म्हणजे हायड्रोजन संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत) कोऱ्या इलेक्ट्रोडपेक्षाही कमी भरतो. पिवळा थर तपकिरी दिसायला लागलाय. गाईड म्हणतात इरिडियम वापर. मग स्वस्त धातूंचा अट्टहास कशाला केला?

होलवाला:
तपकिरी म्हणालात ना, तिथेच पहिला संशय. प्रकाश इलेक्ट्रोलाइटच्या बाजूने पाडताय का? मग कोबाल्टचा जाड थर वाटेतच प्रकाश खातोय. इलेक्ट्रोड उलटा करून काचेच्या बाजूने उजेड द्या. करंट सावरला, तर थर पातळ करा, विषय संपला.

नाही सावरला, तर कोऱ्या इलेक्ट्रोडवर सल्फाइट टाकून मोजा; बफर, पीएच, दिवा सगळं तेच. सल्फाइटचं ऑक्सिडेशन इतकं झटपट होतं की पृष्ठभागापर्यंत पोचलेले जवळपास सगळे होल (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडाल्यावर उरलेल्या धन जागा) कामी येतात. सल्फाइटमध्ये करंट भरपूर आणि नुसत्या पाण्यात कमी, म्हणजे होल दारापर्यंत येऊन वाया जातायत. तिथे उत्प्रेरक उपयोगी. दोन्हीकडे कमीच, म्हणजे होल आतच इलेक्ट्रॉनला भेटून संपतात. मग वर इरिडियम लावा नाहीतर सोनं, फरक शून्य. अशा वेळी टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमचं डोपिंग (किंचित भेसळ) बघा. बिस्मथ व्हॅनडेटच्या 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बँड गॅपला (इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या किमान ऊर्जेला) कमाल साधारण 7.5 मिलिअँपिअर प्रति चौ.सेंमी. मिळू शकतो, तेवढं मनात धरून आकडे वाचा.

(हायड्रोजन बिचारा समोरच्या कॅथोडवर निमूट निघतो. सगळी रड ऑक्सिजनच्या बाजूची.)

बफर९:
अंधारात डिपॉझिट केलं असेल तर कोबाल्ट सगळीकडे सारखा बसतो. प्रकाशात, कमी बायसवर (बाहेरून दिलेल्या व्होल्टेजवर) करा. जिथे होल येतात तिथेच तो साचतो. हा कोबाल्ट उत्प्रेरक शोधणाऱ्या कनन-नोसेरांचं 2008 चं द्रावण, म्हणजे पीएच 7 चा फॉस्फेट बफर आणि 0.5 मिलिमोलर कोबाल्ट, पुरेसं आहे. वेळ मात्र आखडता घ्या.

गंजप्रेमी:
कोबाल्टच हवा असं थोडंच आहे? किम आणि चोई यांनी 2014 मध्ये याच पदार्थावर आत लोह ऑक्सिहायड्रॉक्साइड, बाहेर निकेलचं, असे दोन थर दिले. आतला रिकॉम्बिनेशन (होल-इलेक्ट्रॉन भेटून संपणं) आवरतो, बाहेरचा पाण्याशी जमवून घेतो. फक्त हेमॅटाइटची (लोह ऑक्साइडच्या फोटोॲनोडची) कृती उचलून तीव्र केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) बुडवू नका, व्हॅनडेट विरघळेल. बोरेट बफर बरा.

पिवळी_काच:
काच उलटी केली. करंट कोऱ्याच्या किंचित वर गेला! प्रकाशातलं डिपॉझिशन आता लावतोय. सल्फाइट किती मोलर घेऊ?

होलवाला:
0.1 ने सुरू करा. वाढवून करंट वाढला, तर अजून पुरेसं नाही. आणि मोजण्याआधी पीएच पुन्हा जुळवा, सल्फाइटने तो सरकतो.