अनुभव धागा : गावाकडच्या माणसाची मुंबई

उंच इमारती आणि गर्दी यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून येथे ती दोन्ही बाजूला ठेवावीत, ही विनंती. गावाहून मुंबईस गेल्यावर आपले नेहमीचे शहाणपण नेमके कोठे अपुरे पडले, किंवा कोठे अनपेक्षितपणे उपयोगी पडले, तेवढे लिहावे. सुरुवात मीच करतो.

बार्शी, जि. सोलापूर
२०११ साली वडिलांबरोबर कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो. आतेभावाने फोनवर सांगितले होते, ‘एक नंबरच्या फलाटावर थांबा, मी तिथेच येतो.’ आम्ही विचारत विचारत एक नंबर गाठला आणि अर्धा तास उभे राहिलो. तो फोनवर म्हणे, मी एक नंबरवरच आहे; आम्हीही तेच सांगत होतो, आणि दोघेही खरे बोलत होतो. दादरला मध्य मार्गाचा एक आणि पश्चिम मार्गाचा एक, असे तेव्हा दोन ‘एक नंबर’ होते, हे रोज ये-जा करणाऱ्या माणसाला सांगण्याजोगे वाटलेच नव्हते. वडील वैतागून म्हणाले, ‘आपल्याकडं एका गावात दोन मारुती असले तरी त्यांना नावं वेगळी असतात.’ डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्यच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेले, तेव्हा ही बातमी मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवली. त्यांचे म्हणणे खरे ठरल्याचे समाधान त्यांनी लपवले नाही.

नांदेड
आईच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आम्ही दोन महिने मुंबईत होतो. रुग्णालयात नावाआधी फाईलचा क्रमांक विचारत, आणि ते योग्यच होते. एरवी एवढ्या माणसांचे काम उरकणार कसे? परंतु ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, याची चुटपुट आईला लागून राहिली होती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या बाईने तो विचारला. त्या रात्री आई पोटभर जेवली.

सुरगाणा, जि. नाशिक
मी मुंबई प्रथम पाहिली ती पायी चालत. मार्च २०१८ च्या शेतकरी मोर्चात नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर चाललो. शेवटचा मुक्काम शीवजवळच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर असल्याने मुलांची रस्त्यात खोळंबा होऊन गैरसोय होऊ नये, म्हणून सकाळपर्यंत न थांबता रात्रीच आझाद मैदानाकडे निघायचे ठरले. पायांना फोड आले होते, तरी कोणी फारशी कुरकुर केली नाही. परीक्षेचा दिवस म्हणजे काय, हे आमच्याही घरांना ठाऊक होते. वाटेत लोकांनी पाणी, बिस्किटे, कोणी कोणी चपलाही दिल्या. मुंबई कधी रिकामी नसते असे म्हणतात, पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती मध्यरात्रीनंतरची, बंद दुकानांची आणि मोकळ्या रस्त्यांची.

शहापूर, जि. ठाणे
तानसा आणि भातसा ही धरणे आमच्याच तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईला जाते. आमच्या पाड्यावर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नणंदेकडे सातव्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हा तिने गरम पाण्याचा नळ कौतुकाने दाखवला, पण माझे लक्ष थंड पाण्याच्या नळावरच खिळले होते. सकाळी सवयीने बादली भरली, मग दुसरी, मग घरातली दोन मोठी पातेली. नणंद हसून म्हणाली, ‘वहिनी, पाणी कुठे पळून जात नाही.’ ते कोठून येते, हे सांगावेसे फार वाटले, पण पाहुणी म्हणून गेले होते.