पहिला ड्रायव्हर अंडरस्टेबलच घ्यावा का? (मुंबईच्या वाऱ्यासकट चर्चा)

खारावारा:
डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी डिस्क फेकत फेकत टोपलीपर्यंत न्यायचा खेळ) खेळणारे आपण मूठभर. त्यात नवा कोणी आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, कुठला घेऊ?" आणि उत्तर मिळायच्या आत त्याने डिस्ट्रॉयर नावाचा ड्रायव्हर मागवलेला असतो. नावातच जोर ना! गेल्या रविवारी एकाने तीच आणली. डिस्कवरचे आकडे १२, ५, उणे १, ३. म्हणजे वेग (किती जोरात फेकावी लागते), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (उजव्या हाताच्या बॅकहँडला जोरात जाताना किती उजवीकडे वळते, आकडा जितका उणे तितकी जास्त) आणि फेड (वेग गेल्यावर किती डावीकडे कलते). हात जोरात चालला तरच ती डिस्क बोलते. याची प्रत्येक फेक हातातून सुटल्या सुटल्या डावीकडे कलंडायची आणि पन्नास-साठ मीटरवर जमिनीत घुसायची. शेवटी एकाने त्याला लेपर्ड दिली (६, ५, उणे २, १). ती सरळ तरंगत गेली आणि पोराचा चेहरा खुलला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: नवशिक्याने पहिला ड्रायव्हर अंडरस्टेबल (टर्न जास्त असलेला) फेअरवेच, म्हणजे मध्यम वेगाचाच, घ्यावा. वेग ६ किंवा ७, टर्न उणे २ च्या आसपास. बाकी सगळं नंतर.

फोर्टचा_कारकून:
असहमत. लेपर्डबद्दल तक्रार नाही, पण हा सल्ला अमेरिकेतल्या झाडीत खेळणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे दुपार झाली की पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा सुरू होतो, तो संध्याकाळपर्यंत. समोरून वारा आला की डिस्कच्या दृष्टीने वेग वाढतो आणि टर्न आणखी वाढतो. उणे २ वाली डिस्क जुहूला समुद्राकडे तोंड करून फेकून बघा. उजव्या हाताचा बॅकहँड (हात छातीसमोरून ओढून केलेली फेक) असेल तर ती उजवीकडे उलटून वाळूत तोंड घालते. जरा पुढे गेली तर पाण्यात, आणि बहुतेक गोल्फ डिस्क बुडतात हो. पैसे गेले.

टीबर्ड घ्या (७, ५, ०, २). वारा असो नसो, कुठे जाईल ते कळतं. आणि पहिला महिनाभर ड्रायव्हरच कशाला? पटर (जवळच्या फेकीची, कमी वेगाची डिस्क) फेका.

खारावारा:
पटरबद्दल दुमत नाही. पण वाऱ्याचा मुद्दा तुम्ही संध्याकाळचा मांडताय. संध्याकाळी शिवाजी पार्कात तुम्हाला जागा कोण देतो? चार-पाच क्रिकेटच्या मॅचेस एकमेकींत मिसळलेल्या असतात. पावणेदोनशे ग्रॅमची कडक कडेची डिस्क त्या गर्दीत सोडणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. आपण फेकतो ते पहाटे, आणि तेव्हा वारा बहुतेक पडलेला, नाहीतर जमिनीकडून समुद्राकडे हलका. तेव्हा टर्न आडवा येत नाही, उलट मदतीला येतो.

मुलुंडचा_डावरा:
आम्हा डावखुऱ्यांसाठी सगळं उलटं वाचावं, ही विनंती. तुमचं "उजवीकडे उलटते" म्हणजे आमचं डावीकडे. नवीन पोरं व्हिडिओ बघून गोंधळतात.

अंधेरीची_आर्या:
मी खारावारांच्या बाजूने, पण कारण वेगळं. ज्यांचा हात साठ-सत्तर मीटरचाच आहे (माझ्यासकट) त्यांना टीबर्डसुद्धा ओव्हरस्टेबलसारखीच (फेडच्या बाजूलाच ओढणारी) वागते. टर्नचा आकडा प्रत्यक्षात दिसायला पुरेसा वेग लागतो, फेडला मात्र काहीच लागत नाही, वेग गेला की तो आपसूक येतो. म्हणून "सरळ डिस्क" हे कोणाच्या हातात, ते आधी विचारा. मी १५० ग्रॅमच्या आसपासची अंडरस्टेबल घेते. हलकी डिस्क जास्त टर्न घेते, वाऱ्यात उडते, मान्य. पण हायझरवर, म्हणजे बाहेरची कड खाली ठेवून सोडली की ती स्वतःच सपाट होते आणि पुढे जाते. ती एक फेक शिकलं की अर्धा खेळ कळतो.

फोर्टचा_कारकून:
हायझर-फ्लिप पहिल्याच महिन्यात? तो अनुभवी माणसांचा डाव आहे. नवशिक्याचं मनगट सुटताना लटपटतं, कड वाकडी होते, डिस्क डगमगते. अंडरस्टेबल डिस्क या चुकीला लगेच उलटून पडते, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्याला जमतच नाही.

खारावारा:
अहो, हेच तर मी म्हणतोय! डगमग दिसली पाहिजे ना? टीबर्ड ती पचवते, फायरबर्ड (९, ३, ०, ४) तर पोटातच घालते. मग वर्षभर माणूस चुकीचा हात फिरवत राहतो आणि डिस्क बदलत राहतो. लेपर्ड तोंडावर सांगते.

यामागचं कारणही थोडक्यात सांगतो. जोरात जाताना हवेची उचल डिस्कच्या मध्याच्या मागे पडते, नाक खाली ढकललं जातं. डिस्क फिरत असल्यामुळे तो धक्का नव्वद अंश पुढे जाऊन बाजूला कलंडण्यात दिसतो. वेग गेल्यावर उचल पुढे सरकते आणि कलणं उलटं होतं. अंडरस्टेबलमध्ये पहिला भाग जास्त, एवढंच. जादू नाही.

परळचा_पिच_क्युरेटर:
प्लास्टिकचं कोणी बोललंच नाही. डीएक्ससारखं स्वस्त प्लास्टिक झाडाभिंतीवर आपटून लवकर झिजतं आणि डिस्क आणखी अंडरस्टेबल होते. क्रिकेटवाल्यांना सांगायला नको, नवा चेंडू आणि जुना चेंडू वेगवेगळे वागतात. म्हणजे आज टीबर्ड घेतली आणि सोसायटीच्या भिंतींवर आपटली, तर काही महिन्यांनी तुमच्या हातात लेपर्डची चुलत बहीण असेल. दोघांचं म्हणणं पूर्ण!

आणि ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर अंडरस्टेबल ड्रायव्हरचा रोलर करून बघा. आतली कड खाली ठेवून उंचावर सोडा, कडेवर उतरते आणि धावत सुटते. टीबर्डने हा प्रकार जमवायला जोर लागतो. फक्त समुद्राच्या उलट दिशेला फेका, कारकूनसाहेबांचं म्हणणं लक्षात ठेवून.

फोर्टचा_कारकून:
रोलरला मी हात जोडतो. पण पावसाळ्यातल्या चिखलात तो आडवा होतो हेही सांगा.

टीबर्डवर मी ठाम आहे. ज्याला एकच ड्रायव्हर परवडतो, कारण बाहेरून मागवली तर वाहतूक आणि कस्टम धरून डिस्क महागात पडते, त्याने वाऱ्यातही चालणारीच घ्यावी.

अंधेरीची_आर्या:
एकच परवडत असेल तर ती आधी कोणाकडून तरी उसनी फेकून बघावी. रविवारी सकाळी दोन्ही आणते, लेपर्ड आणि टीबर्ड. कारकूनसाहेब, नवीन पोराला बोलवा, त्यालाच फेकू दे. निकाल त्याच्या हातावर.