कोरफडीचा गर लावूनही केस राठच राहतात, चूक कुठे होत असावी?

प्रश्न (बेसा, नागपूर)

मागील वर्षी आम्ही धरमपेठेतून बेसा येथे राहायला आलो. येथे वापरायला बोअरवेलचे पाणी आहे आणि बादलीच्या कडांवर त्याचा पांढरा थर बसतो. एप्रिल लागल्यापासून माझे केस इतके कोरडे झाले आहेत की विंचरताना तुटतात. घरच्या कुंडीतील कोरफडीचे पान सालीसकट मिक्सरमधून काढून मी आठवड्यातून तीनदा कोरड्या केसांना लावते आणि ते पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन तास, तसेच ठेवते. परंतु धुतल्यावर केस अधिकच राठ लागतात आणि टाळूला खाजही सुटते. माझ्या आजीने आयुष्यभर कोरफडच वापरली, त्यामुळे हा उपाय सोडवत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, कोरफड सोडण्याची गरज नाही, लावण्याची पद्धत मात्र बदलावी लागेल. या गराचा जवळजवळ 98 ते 99 टक्के भाग पाणीच असतो आणि उरलेल्या थोड्या भागात ते पाणी धरून ठेवणाऱ्या बुळबुळीत शर्करा असतात. म्हणजे गर केसांना ओलावा देतो, पण तो टिकवण्यासाठी लागणारी स्निग्धता त्यात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर इतका उत्तम चालतो, तो हवा कोरडी असल्यामुळेच. जी हवा खसाच्या ताटीतील पाणी भराभर शोषते, तीच केसांवरील गराचे पाणीही शोषून घेते. पाणी उडाले की मागे पातळ पापुद्रा उरतो आणि त्यामुळे केस ताठर होतात. दमट किनारपट्टीवरील अनुभव नवतपातील, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतील, नागपूरला लागू पडत नाही, हे मी स्वतः दोन उन्हाळे केस बिघडवून शिकले.

म्हणून गर नेहमी ओलसर केसांना लावावा, वीस-पंचवीस मिनिटांत, वाळण्यापूर्वीच धुवावा आणि केस दमट असतानाच टोकांना खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब चोळावेत. आठवड्यातून एकदा एवढे पुरते. पाण्याचेही कारण आहेच: जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात आणि तो केसांवर बसतो. त्यामुळे साबण टाळून शाम्पू वापरावा आणि पिण्याचे नळाचे पाणी मिळत असल्यास शेवटचे दोन तांबे तरी त्याचेच घ्यावेत.

प्रतिसाद २

खाजेचे कारण बहुधा सालीत आहे. कोरफडीच्या सालीलगत पिवळा, कडू चीक असतो. तोच आटवून काळा बोळ हे औषध तयार करतात. हा चीक अनेकांच्या त्वचेला सोसत नाही. पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून ते पंधरा मिनिटे वाटीत उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, पान धुवावे आणि मगच साल काढून आतील पारदर्शक गर घ्यावा. खाज पूर्ण थांबेपर्यंत काहीही लावू नये. त्यानंतरही आधी कोपराच्या आतील बाजूस थोडा गर लावून एक दिवस वाट पाहावी. बाजारातील हिरव्यागार जेलबद्दल एवढेच सांगते की शुद्ध गराला असा रंग नसतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मतांशी सहमत आहे. फक्त एक गोष्ट जोडावीशी वाटते: दुभंगलेली टोके कोणत्याही गराने जुळत नाहीत, ती कापावीच लागतात. तसेच कोरडेपणासोबत थकवा, वजनवाढ किंवा केसगळती असेल, तर थायरॉइडची तपासणी अवश्य करून घ्यावी. माझ्या बहिणीच्या बाबतीत आम्ही वर्षभर तेले बदलत बसलो आणि कारण तेच निघाले.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. चीक निथळू द्यायचा असतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. आजी पान उभे करून ठेवायची ते आता आठवले, पण त्यामागचे कारण मी कधी विचारले नाही. एक शंका उरते. माझे रोप दीड वर्षाचे असून पाने जेमतेम बोटाएवढी जाड आहेत. ती कापावीत का?

प्रतिसाद २

सध्या कापू नयेत, त्यांत गर फारच कमी निघेल. रोप मोठ्या कुंडीत हलवावे, दुपारच्या कडक उन्हातून बाजूला घ्यावे आणि माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पुढे पाने जाड झाली की सर्वांत खालची, बाहेरची पानेच घ्यावीत आणि गाभ्याला हात लावू नये. तोपर्यंत ओळखीच्या एखाद्या घरून जून पान मागून आणावे.