आईचं फॅटी लिव्हर : डॉक्टर तीन, पण सगळं एकत्र बघणारं कोणीच नाही, मदत हवी आहे (भांडुप)

नमस्कार, थोडं लांबलंय, पण प्लीज पूर्ण वाचा.

आई ५६ वर्षांची, आम्ही भांडुपला राहतो, तिचं घरूनच पोळ्यांच्या ऑर्डरींचं काम आहे. डायबेटिस ९ वर्षं, थायरॉईडची गोळी चालू, वजन ७८ किलो. दोन वर्षांपूर्वी पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली त्यात ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं, तेव्हा फॅमिली डॉक्टर म्हणाले आजकाल सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी करा, आणि आम्हीपण रिपोर्ट फाईलमध्ये लावून विसरून गेलो. त्याचं आता फार वाईट वाटतंय.

गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ५८ आणि एसजीपीटी ७१, प्लेटलेट १ लाख ७० हजार. फिब-४ म्हणून एक हिशोब असतो, त्याला वय आणि हे तीन आकडे एवढंच लागतं, तो मी घरी करून बघितला तर २.२७ आला. १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झालं असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर जास्त, आई बरोबर मधे अडकलीये, म्हणजे फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणारं स्कॅन) करून बघायलाच पाहिजे. हेच आकडे तिन्ही डॉक्टरांनी बघितले पण स्कॅनचं एकानेही काढलं नाही.

खरा घोळ इथेच आहे. फॅमिली डॉक्टरांनी एसजीपीटी वाढलेलं बघून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, डायबेटिसच्या डॉक्टरांनी ती परत चालू केली, म्हणाले फॅटी लिव्हरमध्ये ही सहसा चालते आणि या पेशंटना हार्टचा धोका जास्त असतो म्हणून हवीच. पोटाच्या डॉक्टरांनी लिव्हरचं टॉनिक लिहून सहा महिन्यांनी बोलावलंय. कोणी कोणाला फोन करत नाही, निरोप सगळे आईनेच पोचवायचे, आणि ती मधलं अर्धं विसरते, विसरणारच ना.

त्यात काकीने सगळ्यांसमोर विचारलं, लिव्हर? पण वहिनी तर घेत नाहीत! तेव्हापासून आई कोणाशी या विषयावर बोलतच नाही. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. डॉक्टरांच्या संघटनांनी २०२३ मध्ये या आजाराच्या नावातून अल्कोहोल शब्दच काढून टाकला, आधी नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर म्हणायचे, आता मॅसल्ड (MASLD) म्हणतात, हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा कुठे जरा मोकळी झाली.

वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हर बरंच सुधारतं म्हणतात, म्हणजे आईचं साडेपाच ते आठ किलो. पण डाएटवाल्या मॅडमनी ओट्स आणि किनोआचा कागद दिला. पहाटे पाचपासून तव्यासमोर उभी असलेली बाई चहासोबत उरलेल्या पोळ्या खाते, तिला किनोआ काय सांगायचा? भाकरी, उसळ, पालेभाजी यातूनच कोणी नीट बसवून देणारं माहीत असेल तर खूप मदत होईल.

आता विचारायचं ते : एकच डॉक्टर मुख्य धरायचा तर कोणता, डायबेटिसचा की लिव्हरचा? केईएम, सायन किंवा नायरला फायब्रोस्कॅनसाठी कोणी गेलंय का, किती दिवसांनी नंबर लागला, आधी कोणत्या ओपीडीचा केसपेपर काढायचा? २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर डायबेटिस-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, तर महापालिकेच्या दवाखान्यातून पुढे चिठ्ठी मिळते का?

गुळवेलीचा काढा सुचवू नका प्लीज, त्याने लिव्हरला त्रास झालेल्या पेशंटबद्दल मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलंय, मी ती रिस्क घेणार नाही.

अपडेट : कमेंटमध्ये ज्यांनी फाईलचं सुचवलं त्यांचे मनापासून आभार. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावले आणि वर एका कागदावर चालू गोळ्या, कोणी बंद केली, कोणी चालू केली असं लिहिलंय. स्कॅनसाठी गुरुवारी मी सुट्टी टाकलीये आणि आईने त्या दिवशीच्या ऑर्डरी शेजारच्या मावशींना दिल्यात. स्कॅनआधी तीन तास काही खायचं नसतं, आणि आईला शुगरची गोळी असते, म्हणून सकाळचा नंबर कुठे मिळेल ते बुधवारपर्यंत कळलं तर बरं होईल.