‘ब्रॅगडोशिओ’ला मराठीत काय म्हणावं : माज, बढाई की वल्गना?

पानोपानी :
मुष्टियुद्धावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय. विषय आहे कॅशियस क्ले विरुद्ध सॉनी लिस्टन, फेब्रुवारी १९६४. लढतीआधीचा क्लेचा ‘ब्रॅगडोशिओ’ पत्रकारांना खुपत होता, असं एक वाक्य आहे. मी ‘माज’ लिहिलं, संपादकांनी त्यावर काट मारून ‘वल्गना’ केलं. दोन्ही पटत नाहीत. नेमका अर्थ काय? आणि उच्चार ‘शिओ’ की ‘चिओ’?

कोशकिडा :
उच्चार दोन्ही चालतात, कोशांत दोन्ही सापडतील. जोर मात्र ‘डो’वर हवा. स्पेलिंगमध्ये जी दोन, डी एक, सी एकच. सी दुप्पट करणं ही नेहमीची चूक.

‘माज’ का चुकतो ते आधी. माज अंगात असतो. तो येतो, चढतो, उतरवला जातो. माजलेला माणूस तोंडातून अवाक्षर न काढताही माजलेला असू शकतो. ब्रॅगडोशिओला तोंड लागतं आणि समोर ऐकणारे लागतात. गप्प बसलेल्या माणसाला इंग्रजीत अ‍ॅरोगंट म्हणता येईल, पण त्याच्या गप्प बसण्याला ब्रॅगडोशिओ म्हणता येणार नाही. म्हणून गुर्मी, मग्रुरी, मिजास ही सगळी मंडळी इथे बाद. जवळचे शब्द शोधायचे ते ‘मारणे’ किंवा ‘मिरवणे’ घेणाऱ्यांत: बढाई मारणे, फुशारकी मारणे, शेखी मिरवणे.

शब्द आला इंग्रजी कवी एडमंड स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’ या दीर्घकाव्यातून. पहिले तीन खंड १५९० चे. दुसऱ्या खंडात ब्रॅगडोचिओ नावाचं पात्र गायन नावाच्या सरदाराचा घोडा आणि भाला पळवतं आणि स्वतःच सरदार असल्याच्या थाटात फिरू लागतं. तोंडाने पराक्रम अफाट, पण रानात शिंगाचा आवाज आला की हा झुडपात. १५९६ च्या पाचव्या खंडात त्याचं पितळ उघडं पडतं, दाढी भादरली जाते. नाव घडवलं आहे इंग्रजी ‘ब्रॅग’ला इटालियन वळणाचं शेपूट लावून. आधी हा शब्द बढाईखोर माणसासाठी वापरत, बोलण्या-वागण्याचा अर्थ नंतर रुळला. आपल्याकडचा जुळा भाऊ हवा असेल तर विराटपर्वातला उत्तर: अंतःपुरात कौरवांना लोळवणार, रणांगण दिसताच रथातून उडी.

तिसरी घंटा :
उत्तराचं उदाहरण चपखल आहे, पण क्लेच्या बाबतीत तिथेच गोची होते. ‘वल्गना’ म्हटलं की मराठी वाचक आधीच ठरवतो की हे फुकाचं आहे, पुढे आपटणार. क्ले आपटला नाही. लिस्टन सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही. त्याआधी नोव्हेंबर १९६२ मध्ये आर्ची मूरला चौथ्या फेरीत पाडणार म्हणाला होता, चौथ्यातच पाडलं. जून १९६३ मध्ये हेन्री कूपरसाठी पाचवी फेरी सांगितली, पाचव्यातच लढत थांबली. फसला तो मार्च १९६३ मध्ये डग जोन्सपुढे: आधी सहावी, मग चौथी फेरी सांगितली, आणि लढत पूर्ण दहा फेऱ्या चालून गुणांवर निकाल लागला. ‘वल्गना’ शोभेल तर त्या एका लढतीला.

तुमच्या वाक्यात पत्रकारांचा दृष्टिकोन आहे आणि निकाल अजून लागायचा आहे. म्हणून ‘दर्पोक्ती’ घ्या. त्यात ताठा आहे, उच्चार आहे, आणि खरं ठरणार की खोटं यावर आधीच शिक्का नाही. लेखाची भाषा हलकी असेल तर ‘फुशारकी’. आणि लेखात त्या दिवसापर्यंत नाव कॅशियस क्लेच ठेवा. मुहम्मद अली हे नाव मार्च १९६४ मधलं.

पानोपानी :
‘दर्पोक्ती’ बसतंय, आभार. त्याच लेखात पुढे ‘स्वॅगर’ आणि ‘ह्यूब्रिस’ही आहेत. तिन्हींना ‘अहंकार’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतोय.

कोशकिडा :
नका होऊ. स्वॅगर मुळात चालीत दिसतो: छाती काढून, खांदे हलवत. ‘ऐट’ किंवा ‘तोरा’. हल्ली तो कौतुकानेही वापरतात, तिथे ‘ऐट’ जास्त बरी, कारण ‘तोरा’ थोडा टोचतो.

ह्यूब्रिसचं वजन वेगळं आहे. आजच्या इंग्रजीत तो विनाशाकडे नेणारा दर्प, म्हणजे ‘उन्माद’ किंवा ‘मदांधता’. प्राचीन अथेन्समध्ये मात्र तो गुन्हा होता आणि त्यासाठी वेगळी फिर्याद होती. अ‍ॅरिस्टॉटल ‘ऱ्हेटरिक’मध्ये त्याचा अर्थ देतो तो दुसऱ्याला लाज आणण्याचा, आणि तोही काही मिळवण्यासाठी नव्हे, केवळ त्या सुखासाठी. क्लेबद्दल हा शब्द वापरायचा तर लेखकाला पुढचं पतन दाखवायचं असलं पाहिजे. तसं काही लेखात नसेल तर मूळ लेखकानेच तो सैल वापरलाय. मग तुम्ही ‘गर्व’ लिहून पुढे सरका.

उलटा रेकॉर्ड :
एक पुरवणी. रॅपमध्ये ब्रॅगडोशिओ हा दोष नाही, तो रचनेचा मान्य प्रकार आहे: मीच श्रेष्ठ, समोरचा फिका, हे यमकात जितकं कल्पकतेने सांगाल तितकी दाद. तिथे ‘दर्पोक्ती’ लिहिलं तर टीका वाटेल. शब्द तसाच ठेवून पहिल्या वेळी ‘बढाईची रचना’ असा खुलासा द्यावा. व्याकरणात तो या अर्थी मोजता न येणारं नाम आहे, त्यामुळे मराठीतही ‘ब्रॅगडोशिओ केला’पेक्षा ‘ब्रॅगडोशिओ भरलेला आहे’ अशी वाक्यं सहज बसतात.

‘ब्रॅगडोशस’ हे विशेषणही भेटेल. सप्टेंबर २०१६ च्या अध्यक्षीय वादचर्चेत ट्रम्प यांनी ते वापरलं तेव्हा अनेकांना तो त्यांनीच बनवलेला शब्द वाटला. अमेरिकी बोलीत तो एकोणिसाव्या शतकापासून आहे. मराठीत सरळ ‘बढाईखोर’.