फिलिपिन्स अन् व्हिएतनाम दोघंही चीनचे शेजारी, मंग दक्षिण चीन समुद्रातला आपला हक्क राखाची तऱ्हा येवढी वेगळी काऊन?

वर्धेकाठचा:
राम राम मंडळी. पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, त्याच्यासंगं मीबी वाचतो. फिलिपिन्सनं २०१३ मधी या समुद्राच्या हक्कावरून आंतरराष्ट्रीय लवादात चीनवर केस टाकली, १२ जुलै २०१६ ले निकाल फिलिपिन्सच्याच बाजूनं लागला, तरी स्कारबरो शोल (समुद्रातली उथळ खडकाची जागा) २०१२ पासून चीनच्याच ताब्यात हाय. व्हिएतनामनं सोता केस टाकलीच नाही, अन् त्याच समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांत सगळ्यात जास्त ठिकाणं त्याच्याच हातात. मंग कोणाचं बराबर?

कपाशीवाला:
भाऊ, ज्यानं धुऱ्याचं भांडण पाह्यलं त्याले हे लवकर समजते. आमची मोजणी आमच्याच बाजूनं निघाली, खुंट्या गाडल्या, अन् पेरणीच्या दिवशी पाह्यलं तं खुंट्या उपटून बाजूच्याचं वखर आमच्या तीन ओळींच्या जागेवरून फिरलेलं. कागद आपल्याजवळ, वहिवाट त्याची. त्या निकालाचंबी तसंच, चीननं मानलाच नाही अन् मानायले लावणारा कोणी नाही. पण फिलिपिन्सले वहिवाट कळत नाही असं म्हणू नका. १९९५ मधी चीननं मिसचीफ रीफ (तिथलाच एक प्रवाळाचा खडक) घेतला, तवा फिलिपिन्सनं १९९९ मधी सिएरा माद्रे नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं जुनं जहाज सेकंड थॉमस शोलवर मुद्दाम रुतवलं. आता ते गंजून गेलं, तरी मोजके सैनिक त्यातच राह्यतात, राशन बोटीनं जाते. १७ जून २०२४ ले चिनी लोकं कुऱ्हाडी-चाकू घेऊन त्या रबरी बोटीवर आले, एका पोराचा अंगठा गेला. त्या पोराचं मले राहून राहून वाईट वाटते.

सातपुड्याचा पोऱ्या:
दादा, व्हिएतनाम गप आहे म्हणून त्याले स्वस्तात भेटलं असं नाही, १९८८ मधी स्प्रॅटलीतल्या जॉन्सन रीफवर चीनसंगं लढतांनी त्याचे ६४ जवान गेले. २०१४ मधी चीननं तेलाचा प्लॅटफॉर्म आणून उभा केला तवा दोन महिने बोटीवर बोटी आदळल्या. फरक असा का फिलिपिन्सच्या मांगं अमेरिकेचा १९५१ चा एकमेकाच्या संरक्षणाचा करार हाय, म्हणून तो व्हिडिओ काढून साऱ्या जगाले दाखवते. व्हिएतनामची जमिनीची हद्द चीनले लागून, १९७९ चं युद्ध त्यायनं सोसलं, अन् कोणत्याच लष्करी गटात जायचं नाही हे ठरवेल. म्हणून रशियाच्या सहा पाणबुड्या घेतल्या, रेती टाकून बेटं वाढवली, अन् बीजिंगसंगं बोलणंबी चालू ठेवलं.

वर्धेकाठचा:
समजलं. पण फिलिपिन्सनं २०२२ मधी आपल्या ब्रह्मोस क्षेपणास्त्राचा करार केला, एप्रिल २०२४ मधी पह्यली खेप पोचलीबी, त्याच्यानं काही फरक?

कपाशीवाला:
युद्धनौकेले धाक बसन. पण रोजची भानगड पाण्याच्या फवाऱ्याची अन् मासेमारी बोटींच्या गर्दीची, त्याच्यावर क्षेपणास्त्र कोण सोडन? तिथं कोस्ट गार्डच्या बोटीच लागतात, अन् फिलिपिन्सजवळ त्याच कमी हायेत. निकाल दोघायनं मानला तं काय होते, त्यासाठी आपलं बांगलादेशसंगंचं समुद्राच्या हद्दीचं भांडण पाहा, २०१४ मधी २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ त्यायले गेलं, आपुन निकाल मानला अन् तिथं खुंट्या कोणी उपटल्या नाही.